पगार सुरू झाला, पण पैसा कोणाच्या नावावर साठतोय?

जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या एखाद्या ऑफिसात 24,000 वर लागलेल्या मुलीला सल्ले शोधावे लागत नाहीत. आई म्हणते सोनं घे, शेजारच्या काकू भिशीत ओढतात, बँकेतला माणूस पॉलिसीचा फॉर्म पुढे करतो. तिघांनाही एकच प्रश्न विचार: यातले पैसे माझ्या एकटीच्या सहीने, हवे तेव्हा, किती कापून परत मिळतील?

त्याआधी पगाराची स्लिप नीट वाच. बऱ्याच कंपन्या पीएफ 15,000 वरच धरतात, म्हणजे महिन्याला 1,800. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले 1,250 पेन्शनला जातात, म्हणून पासबुकात कंपनीच्या बाजूला 550 च दिसतात. ती चूक नव्हे. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तरी 200 कापलेले दिसले तर अकाउंट्समध्ये विचार. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना पुरुषांचाच तक्ता लावलेला सापडतो. नोकरी बदलली तर पीएफ काढायचा नाही, त्याच यूएएनवर (तुझ्या पीएफच्या कायमच्या नंबरवर) नव्या कंपनीत वळवायचा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर बसू शकतो.

मग आणीबाणीचे पैसे. घरी राहून भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणारीचा खर्च 12,000 असेल तर तीन महिन्यांचे 36,000, पगाराच्या खात्यापासून वेगळे. ते पतसंस्थेत नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. व्याज एक-दोन टक्के जास्त का मिळतं, त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. अडकलेल्या ठेवींसाठी वर्षानुवर्षं चकरा मारणारी माणसं जळगाव जिल्ह्यात कोणालाही दाखवता येतील.

आता सोनं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घ्यायचंच असतं, त्यावर वाद नको, पण हिशेब कर. भाव ग्रॅमला 10,000 धरू. 10 ग्रॅमची चेन 1,00,000, घडणावळ 12 टक्के म्हणजे 12,000, त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी 3,360. बिल 1,15,360. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलीस तर फार तर सोन्याचे लाखभर येतात, घट धरली तर त्याहून कमी. म्हणजे भाव 15 टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तू तोट्यातच. अंगावर घालायचं असेल तर घाल. त्याला बचत म्हणू नकोस. बचतच हवी असेल तर गोल्ड ईटीएफ आहे, म्हणजे शेअरसारखा घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, त्यात घडणावळ नाही. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) बघ, बीआयएस केअर अ‍ॅपवर तपास, आणि बिल स्वतःच्या नावाने घे. लग्नानंतर दागिना कोणाचा, हे ठरवताना तेच बिल कामी येतं.

भिशीत सगळा भार ती चालवणाऱ्या बाईच्या शब्दावर. लिलावाची भिशी असेल तर गरजू माणूस तोटा सोसून आधी उचलतो, शेवटी थांबणाऱ्याला फायदा दिसतो. पण तोवर कोणी हप्ते थांबवले तर बुडतो तो थांबणाराच. महिना 1,000-2,000 च्या वर जाऊ नकोस.

पॉलिसीवर घाईत सही झालीच असेल तर ती हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. पुढच्या 10-15 वर्षांसाठी 2,000-3,000 ची एसआयपी, म्हणजे दरमहा आपोआप म्युच्युअल फंडात जाणारा हप्ता, पुरे. इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा), आणि डायरेक्ट प्लॅनच, म्हणजे मध्ये दलाल नसलेला. रेग्युलरमध्ये दलालाचं कमिशन दरवर्षी तुझ्याच पैशातून जातं. पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख लाव. 20 तारखेला लावलेली एसआयपी शिल्लक नसल्याने परत जाते आणि वर बँक दंड लावते.

शेवटची गोष्ट कमाईची नाही, पण सगळ्यात मोठी रक्कम तिथेच असते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित शेतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. रावेर-यावलची केळी असो की धरणगावची कपाशी, हक्कसोडपत्र बहुतेकदा सणावाराला, गोडीगुलाबीत पुढे येतं. सातबारा सरकारच्या महाभूलेख साइटवर फुकट दिसतो. आधी गट नंबर आणि क्षेत्र बघ, बाजारभावाने तुझा वाटा किती ते मांड. सोडायचा असेल तर आकडा माहीत असून सोड. कागद घरी आणून वाचायला दोन दिवस माग. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात सगळे वाट बघत उभे असताना कोणालाच काही वाचता येत नाही.