सुरू उसाची मोठी बांधणी : नदीकाठच्या रानांसाठी सल्ला

पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) मोठी बांधणी, म्हणजे बुंध्याला मातीची मोठी भर देण्याचे काम, मे अखेर ते जूनच्या तोंडावर येते आणि नत्राचा 40 टक्के हप्ता तेव्हाच पडतो. हेक्टरी 250 किलो नत्राच्या शिफारशीने हा हप्ता एकरी 40 किलो होतो, म्हणजे युरियाची जवळपास दोन पोती. नेमके हेच खत वळवाच्या पावसाने ओघळीतून नदीत जाते.

त्या वेळी नदी आटलेली, तापलेली असते. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. त्यातच पहिल्या पाण्याबरोबर घाण येते, ती कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो. पाणी गरम असेल तर अमोनियाही माशांना जास्त बाधतो. पुढे साचलेले नत्र-स्फुरद जलपर्णीला मिळते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे थोड्या वेळात धो-धो पडणाऱ्या सरी वाढत आहेत.

आभाळ भरून आले की युरिया फोकायची घाई होते. ती करू नका. तीन-चार दिवसांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा, तेवढ्याने ऊस मागे पडत नाही. वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिल्यावर, खत सरीत द्या आणि त्याच दिवशी बांधणी करून मातीआड करा. बांधणी शक्य नसेल तर पहारीने बुंध्यापासून 10 ते 15 सें.मी. अंतरावर तेवढ्याच खोलीची भोके पाडा, त्यांत खत घालून माती दाबा. दोन भोकांत 30 सें.मी. अंतर ठेवा. निंबोळी लेपनामुळे युरियाचे नायट्रेट उशिरा होते, वाहून जाणे मात्र थांबत नाही.

आता काठाकडे. पुराचे पाणी झपाट्याने ओसरले की भिजलेली काळी माती स्वतःच्याच वजनाने ढासळते. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर अगदी काठापर्यंत नांगरलेल्या मळीच्या रानांचे लचके तुटले. निदान 5 मीटर पट्टा नांगराविना सोडा. त्यात जून-जुलैत, जमीन पुरती ओली झाल्यावर, वाळा (खस गवत) लावा. एका जागी दोन-तीन फुटवे, अंतर 10 ते 15 सें.मी., पाती वीतभर ठेवून छाटलेली. मेच्या कोरड्या मातीत लावलेला वाळा जगत नाही. त्याला सावलीही सोसत नाही, म्हणून ऊस आणि वाळ्याची ओळ यांत दीड मीटर मोकळे ठेवा. वाळ्याच्या ओळीखाली पाण्यालगत शेरणी, वाळुंज, करंज ही नदीकाठची झाडे-झुडपे आपोआप उगवली असतील तर तोडू नका. बांध साफ दिसावा म्हणून ते पेटवण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

खोडव्याचे (तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून फुटलेल्या उसाचे) पाचट, म्हणजे वाळलेली पाने, वरच्या रानात जरूर कुजवा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो जिवाणू संवर्धक लागते. पूररेषेतल्या रानात मात्र ते मोकळे पसरू नका. पुराबरोबर तरंगत जाऊन ते कोल्हापूर पद्धतीच्या (फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या) बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत अडकते.