रियाज झाला नाही म्हणून गाण्याचा क्लास बुडवू नका

गाणं सोडलेली माणसं मी बरीच पाहिलीत आणि त्यातली फार थोडी आवाज चांगला नाही म्हणून सोडतात. बहुतेकांचं असं होतं की एका आठवड्यात रियाज होत नाही, मग गाणं शिकवणाऱ्या बाईंसमोर जायची लाज वाटते, म्हणून एक क्लास बुडतो, मग दोन आठवड्यांचा रियाज राहिला म्हणून अजून लाज, आणि महिन्याभराने फोन करायलाही तोंड उरत नाही. माझंही झालंय. मार्च एंडिंगला ऑफिसातून निघायलाच आठ वाजायचे, तीन क्लास गेले आणि मी परत गेले ती थेट ऑगस्टमध्ये. बाई काहीच बोलल्या नाहीत, तानपुरा लावला आणि म्हणाल्या, "सा लाव." त्या दिवशी कळलं की पाच महिने मी ज्याला घाबरत होते तसं काही नव्हतंच. म्हणून हे लिहितेय, ज्यांना क्लास लावायचाय त्यांच्यासाठी आणि लावून अर्धवट सोडलाय त्यांच्यासाठी तर जास्तच.

क्लास निवडताना नावाच्या आधी रस्ता बघा. आमच्या नाशकात नाशिकरोडला राहून गंगापूर रोडला संध्याकाळी साडेसहाची बॅच घेतली तर द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्येच अर्धा उत्साह संपतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. घराजवळचा किंवा ऑफिसमधून येताना वाटेवरचा क्लास बघा, सिटीलिंकच्या बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे तेही बघून ठेवा. लावायच्या आधी एकदा नुसतं बसून या. बॅचमध्ये किती जण आहेत, प्रत्येकाकडून एकेकट्याने गाऊन घेतात का, रेकॉर्डिंग करू देतात का, एवढं विचारायला हरकत नाही. पंधरा जण एकत्र गाऊन घरी जात असतील तर तुमचा सा खाली लागतोय हे कोणालाच कळणार नाही, तुम्हालाही नाही. आणि एकदा लावला की किमान एक वर्ष दुसरीकडे बघू नका. एका गुरूंकडे एक पद्धत आणि रात्री यूट्यूबवर दुसरीच, यात गळ्याचा गोंधळ होतो. ऐका सगळ्यांचं, पण गळ्यातून काढायचं ते एकाच ठिकाणचं.

पट्टी, म्हणजे तुमचा सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, बाईंना किंवा सरांना ठरवू द्या. बायकांचा सा साधारण काळी चार-पाचच्या (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास असतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या, पण तुमचा नेमका कुठला ते खालचा पंचम (प) आणि वरचा सा दोन्ही बघून ठरतं. आवडत्या गाण्याच्या मूळ पट्टीत गायचा हट्ट करू नका, सिनेमातली गाणी पुष्कळदा फार वर बांधलेली असतात. काळी एकचा सा लावला की स्वरतंतू सेकंदाला साधारण १३८ वेळा थरथरतात आणि काळी पाचचा लावला की २३३ वेळा. एवढ्याशा अवयवाला आठवडाभर आराम देऊन रविवारी सलग तीन तास पिळलं तर तो बसणारच. रोज वीस-पंचवीस मिनिटं करा, आणि त्याच्याही आधी घड्याळात एक वेळ ठरवा.

त्या वीस मिनिटांत काय करायचं ते तुमचे गुरू सांगतील, मी काय करते ते सांगते. पहिली दोन मिनिटं मोबाइलवर तानपुरा लावून नुसतं ऐकायचं, तोंड उघडायचं नाही. मग तोंड मिटून हुंकार, मग आकारात, म्हणजे नुसत्या 'आ' वर, सा, एका श्वासात जेवढा स्थिर राहील तेवढाच, थरथरायला लागला की सोडायचा. नंतर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, जमेल तिथपर्यंत एकेक सूर. यात आठ-दहा मिनिटं जातात. मग एकच पलटा (ठरावीक क्रमाने सूर फिरवायचा सराव), त्या आठवड्याचा, आधी सरगममध्ये आणि मग आकारात, तीनताल लावून बरोबरीत (एका मात्रेला एक सूर) आणि नंतर दुगुनीत (एका मात्रेला दोन). दुगुनीत सूर घसरले की परत बरोबरीत यायचं, इथे सगळ्यांनाच घाई होते. शेवटी बंदिशीचा (रागात बांधलेल्या गाण्याचा) फक्त मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, दोन-तीनदा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नीट येतोय का बघायला. रोज अख्खी बंदिश गात बसलात तर जे येतं तेच गात राहाल आणि जे अडतंय ते तसंच राहील.

फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची पंचाईत असते हे खरंय. आमच्याकडे वरच्या मजल्यावर बाळ आहे, मी त्यांना जाऊन विचारलं की कुठली वेळ चालेल, त्यांनी साडेसात सांगितली, तेव्हापासून तीच माझी वेळ झाली. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर जाऊन गाऊ नका, आपल्याकडच्या थंडीत गळा लगेच आखडतो, घरात बसा आणि हुंकाराला पाच मिनिटं जास्त द्या.

एक साधी वही ठेवा. तारीख, कुठला पलटा, कुठे अडलं, बस. "रे वरून ग ला जाताना चढतोय" एवढं लिहिलं तरी पुढच्या क्लासला बाईंना नेमकं विचारता येतं. शनिवारी स्वतःचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. पहिले काही आठवडे ऐकवणार नाही, तरी ऐका. क्लासचं रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच करायचं आणि ते ग्रुपवर टाकायचं नाही, ती त्यांची विद्या आहे.

आता मुख्य मुद्दा. रियाज झाला नसेल त्या आठवड्यात क्लासला जायचंच आणि गेल्या गेल्या सांगून टाकायचं, "बाई, या आठवड्यात दोनच दिवस बसले." लपवू नका, त्यांना तुमच्या पहिल्या सा वरूनच कळतं. त्या दिवशी त्या नवीन काही देणार नाहीत, जुनंच घोटून घेतील, आणि माझा अनुभव असा की तेच क्लास सर्वात जास्त उपयोगी पडले. मात्र हे दर आठवड्याला व्हायला लागलं तर आपल्या दिवसाकडे बघायला हवं, वीस होत नसतील तर दहा मिनिटं ठरवा पण रोज. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा, क्लासच्या वेळेला नाही. आणि आपण बुडवला म्हणून फी कापायला सांगू नका, त्या तुमच्यासाठी तो तास मोकळा ठेवून बसलेल्या असतात.

घसा बसला असेल तरी जा, पण गाऊ नका. बसून ऐका, हाताने ताल धरा, दुसऱ्याचं काय चुकतंय ते कानाने पकडा. बसलेल्या आवाजावर जोर लावून गाणं सर्वात वाईट, आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. पाणी दिवसभर प्या, गायच्या आधी गटागट पिऊन काही होत नाही कारण ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागतच नाही. रविवारी सकाळचा क्लास असेल तर मिसळ क्लासनंतर. ॲसिडिटी घशापर्यंत येते आणि आवाज जड होतो.

परीक्षा द्यायच्या का, तर मी म्हणेन द्या, तारीख समोर असली की हात-पाय हलतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, पण दर सहा महिन्यांनी पुढची द्यायची घाई नको, भूप राग नीट न लावता पाच रागांची माहिती पाठ करून उपयोग नाही. थोर शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे ते आपल्या नाशकात येऊन राहिले, इथेच त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे गायक डी. व्ही. पलुस्कर, १९२१ ला इथलाच जन्म. दहाव्या वर्षी वडील गेले, मग विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे शिकले, आणि १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या रेकॉर्ड ऐका, एवढ्याशा वेळात राग उभा राहतो आणि कुठेही घाई वाटत नाही. रोज एक ऐका, भाजी चिरताना नाही, बसून.

आणि मध्येच सोडलेलं असेल तर मेसेज टाइप करत बसू नका, फोन करा आणि "कुठल्या बॅचला येऊ" एवढंच विचारा. कारणं त्या विचारतील तेव्हा सांगा. पहिला आठवडा फक्त सा आणि मंद्र, बंदिशीची वही उघडायची नाही.