गुरूचे वस्तुमान काढा: एक दुर्बीण, एक वही आणि पंधरा रात्री

७ जानेवारी १६१० च्या रात्री पाडुआ इथे गॅलिलिओने गुरूशेजारी एका रेषेत तीन ठिपके टिपले: दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते. १३ तारखेला चौथाही दिसला. या चार चंद्रांच्या फेऱ्या मोजत गेल्यामुळे पुढे गुरूचे वस्तुमान कळले, प्रकाशाचा वेग कळला, देशांचे नकाशे सुधारले. यातले पहिले काम लहान दुर्बिणीनेही जमते.

नुसते पाहायला १० × ५० चा बायनॉक्युलर पुरे, पण तो हातात धरू नका. चित्र दहापट मोठे होते तशी हाताची थरथरही दहापट दिसते आणि ठिपके गुरूच्या झळाळीत हरवतात. ट्रायपॉड लावा, नाहीतर कोपर कठड्यावर घट्ट टेका. मोजमापासाठी मात्र ७० मिमी किंवा मोठी दुर्बीण, ५० ते १०० पट दाखवणारी नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) आणि नेत्रिकेवर फोन बसवायचा क्लॅम्प हवा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा. नळीतली उबदार हवा निघेपर्यंत चित्र पाण्याखालच्यासारखे हलते. खिडकीच्या काचेतून पाहिले तरी हाच त्रास होतो.

गुरूची प्रतियुती, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असण्याची वेळ, साधारण १३ महिन्यांनी येते. तिच्या आगेमागे दोन महिने हा उत्तम काळ. युतीच्या सुमारास गुरू आकाशात सूर्याजवळ दिसतो, तेव्हा प्रयत्न करू नका. दुर्बिणीतून क्षणभर सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

आधी दिशा ठरवा. काही दुर्बिणी चित्र उलटे दाखवतात, काही आरशासारखे. दुर्बीण न हलवता थांबा. गुरू सरकत ज्या कडेने बाहेर जाईल ती पश्चिम. ही खूण कुठल्याही दुर्बिणीत चुकत नाही.

रोज शक्यतो एकाच वेळी नोंद घ्या: तारीख, तास-मिनिट, मधे गुरूचे वर्तुळ, दोन्ही बाजूंना ठिपके. चंद्र गुरूच्या विषुववृत्ताच्या रेषेवर किंवा अगदी लगत असतात. त्या रेषेपासून बराच दूर असलेला ठिपका बहुधा मागचा तारा. तीनच चंद्र दिसले तर गोंधळू नका. चौथा गुरूच्या पुढे, मागे किंवा सावलीत असतो.

कोणता चंद्र कोणता? गुरूच्या केंद्रापासून गुरूच्या व्यासाच्या ८ पटींहून लांब असेल तो कॅलिस्टोच, कारण बाकीचे तेवढे दूर जातच नाहीत. कॅलिस्टो १३ पटींपर्यंत जातो, गॅनिमीड ७.५, युरोपा ४.७, आयो ३. सगळ्यांत तेजस्वी बहुतेक वेळा गॅनिमीड असतो. मोजायला तोच निवडा. आयो तासाभरात जागा बदलतो, युरोपा झळाळीत अडकतो आणि कॅलिस्टोची फेरी जवळजवळ १७ दिवसांची असल्याने ढगांच्या चार रात्री आल्या की नोंदी तुटतात.

आता खरे नाजूक काम. फोनचा झूम एकदा ठरवून तो न बदलता दोन फोटो घ्या. पहिला इतका कमी उजेडाचा, की गुरूची कड स्वच्छ दिसेल. यात चंद्र दिसणार नाहीत. दुसरा जास्त उजेडाचा, चंद्रांसाठी. व्यास पहिल्या फोटोवर मोजायचा आणि गुरूच्या केंद्रापासून चंद्राचे अंतर दुसऱ्यावर. दोन्ही मापे एकाच फोटोवर घेणे ही हमखास होणारी चूक. जास्त उजेडात गुरूची तबकडी फुगते, व्यास समजा १० टक्के मोठा येतो आणि चंद्राचे अंतर तेवढेच कमी भरते. पुढे या अंतराचा घन करायचा असल्याने उत्तर २५ टक्क्यांनी कोसळते. अंतर नेहमी व्यासाच्या पटीत लिहा. पृथ्वी-गुरू अंतर रोज बदलते, पण दोन्ही मापे सारखीच लहानमोठी होत असल्याने पट बिघडत नाही.

पंधरा रात्रींनंतर आलेखाच्या कागदावर आडवी वेळ मांडा, उभे अंतर: पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे. बिंदूंतून गुळगुळीत लाट काढा. लाटेच्या माथ्याची उंची म्हणजे कक्षेची त्रिज्या. फेरीचा काळ मात्र माथ्यावरून काढू नका, तिथे चंद्र बराच वेळ थबकल्यासारखा दिसतो. लाट शून्यरेषा एकाच दिशेने दोनदा ओलांडते, त्यामधला काळ घ्या. तो ७.१५ दिवसांच्या आसपास यायला हवा.

गुरूचा विषुववृत्तीय व्यास १,४२,९८४ किमी. ७.५ ने गुणले की सुमारे १०,७०,००० किमी. त्याला पृथ्वी-सूर्य अंतराने, म्हणजे १४,९६,००,००० ने भागा: ०.००७१५. फेरीचा काळ वर्षांत: ७.१५ ÷ ३६५.२५ = ०.०१९६. अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग, हा केप्लरचा तिसरा नियम. उत्तर सुमारे ०.०००९५, म्हणजे गुरूचे वस्तुमान सूर्याच्या साधारण हजाराव्या भागाइतके. आजचा स्वीकृत आकडा १/१०४७ आहे. तुमचे उत्तर १/९०० ते १/१२०० मध्ये आले तर मोजणी चांगली झाली.

न्यूटनने १६८७ मध्ये चंद्रांच्या फेऱ्यांवरूनच हे वस्तुमान काढले होते. ते अचूक ठाऊक असल्यामुळेच व्हॉयेजर २ ला १९७९ मध्ये गुरूच्या ओढीचा झोका देऊन शनीकडे वळवता आले. तेच यान पुढे १९८६ मध्ये युरेनसला आणि १९८९ मध्ये नेपच्यूनला पोचले.

हात बसला की आयोची ग्रहणे, म्हणजे त्याचे गुरूच्या सावलीत जाणे, टिपायला घ्या. प्रतियुतीपूर्वी तो सावलीत शिरताना दिसतो, नंतर बाहेर येताना. मंदावत नाहीसा व्हायला काही मिनिटे लागतात, म्हणून तो पूर्ण दिसेनासा झाल्याचीच (बाहेर येताना पहिल्यांदा दिसल्याचीच) वेळ सेकंदांसह लिहा आणि प्रत्येक वेळी तीच दुर्बीण वापरा. मोठ्या दुर्बिणीत तो उशिरा हरवतो. दोन ग्रहणांत सुमारे साडेबेचाळीस तास जातात. पृथ्वी वेगाने दूर जात असताना प्रकाशाला जास्त वाट कापावी लागते, म्हणून हा काळ जास्तीत जास्त १४-१५ सेकंदांनी वाढतो. एका ग्रहणात ते कळणार नाही, पण वीस ग्रहणांत उशीर साठत चार-पाच मिनिटांवर जातो. याच उशिरावरून १६७६ मध्ये रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने प्रकाशाला मर्यादित वेग असल्याचे दाखवले. हे ग्रहण सगळीकडून एकाच क्षणी दिसते, त्यामुळे दोन गावांच्या स्थानिक वेळांतला फरक मोजला की रेखांश मिळतो: चार मिनिटांना एक अंश. फ्रान्सचा नकाशा असा नव्याने आखला, तेव्हा त्याचा पश्चिम किनारा जुन्या नकाशापेक्षा बराच पूर्वेला निघाला. समुद्रावर ही रीत चालली नाही, कारण डुलत्या जहाजावर दुर्बिणीत गुरू धरून ठेवणे जमेना.