व्हेल-डॉल्फिन बघायला बोटीची टूर बुक करताय? आधी हे बघा

प्राणी दिसणार की नुसतं निळं पाणी बघून परत यायचं हे बरंचसं बोटीत चढायच्या आधीच ठरतं, आणि लोक नेमकं तेच सोडून लेन्स कुठली घेऊ ते विचारत बसतात.

आधी महिना बघा. हंपबॅक व्हेल उन्हाळ्यात अलास्काच्या गार पाण्यात खायला असतात आणि हिवाळ्यात त्यातल्या बऱ्याचशा हवाईकडे पिल्लं द्यायला जातात, म्हणजे जानेवारीत अलास्का गाठून काय करणार? मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांमधे ग्रे व्हेल साधारण जानेवारी ते एप्रिल. न्यूझीलंडचं कायकोरा मात्र वेगळं, तिथे किनाऱ्याला लागूनच समुद्रात खोल दरी आहे, खाणं भरपूर, त्यामुळे स्पर्म व्हेल बाराही महिने.

फेरी शक्यतो सकाळचीच घ्या. दिवस चढला, जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि लाटांवर एकदा पांढरा फेस यायला लागला की त्यात डॉल्फिनचा पर शोधणं कठीणच. पावसापेक्षा वाऱ्याचा अंदाज बघा, भुरभुर पावसाने काही बिघडत नाही.

बोट मोठी असेल तर हलते कमी, टॉयलेट असतं, वरच्या डेकवरून लांबचं दिसतं. रबरी स्पीडबोटीत तुम्ही अगदी पाण्याला टेकून असता, मजा वेगळीच, पण दणके असे बसतात की पाठीचं दुखणं असेल, गरोदर असाल किंवा लहान मूल सोबत असेल तर सरळ नाही म्हणा. बुकिंगच्या वेळी विचारा की रेलिंगला सगळ्यांना जागा मिळते का आणि माहिती सांगणारा गाईड असतो का. "१०० टक्के दिसणारच" म्हणणाऱ्याची गॅरंटी नीट वाचा, बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की नाही दिसलं तर दुसरी फेरी फुकट. आणि "अगदी जवळ नेतो" अशी जाहिरात असेल तर मी तरी तिथे बुक करणार नाही. अलास्कात हंपबॅकपासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे, न्यूझीलंडमधे व्हेलपासून ५० मीटर आणि ३०० मीटरच्या आत ३ पेक्षा जास्त बोटी नकोत. चांगला कॅप्टन इंजिन न्यूट्रलला टाकून गप्प थांबतो आणि कधीकधी प्राणीच उत्सुकतेने बोटीकडे येतो.

बोट लागते का तुम्हाला? मग डॉक्टरला विचारून गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट रिकामंही नको आणि तुडुंब भरलेलंही नको, बोटीच्या मधल्या भागात बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाईलमधे अजिबात डोकं घालू नका. आणि ओकायची वेळ आलीच तर वारा पाठीवर येईल त्या बाजूच्या रेलिंगला जा, नाहीतर शेजारचा तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाही.

आता बघायचं कसं. बोटीचं नाक म्हणजे १२ वाजले, उजवा हात ३, डावा ९. गाईड "दोन वाजता!" ओरडला की घड्याळ नाही, उजव्या हाताच्या थोडं पुढे बघायचं. प्राणी शोधू नका, गडबड शोधा, म्हणजे एकाच जागी सूर मारणारे पक्षी किंवा पाण्यावर उडालेला वाफेचा फवारा. स्पर्म व्हेलचा फवारा डावीकडे पुढे कललेला असतो, हंपबॅकचा झुडपासारखा. हंपबॅकने पाठीची कमान केली आणि शेपटी वर आली की ती खोल गेली समजा, पाण्यावर काही वेळ एक गुळगुळीत चकती तेवढी राहते. त्याच चकतीकडे टक लावून बसू नका, ती वर येईल भलतीकडेच. स्पर्म व्हेल तर पाऊण-एक तास खालीच राहू शकते, तोवर बोटवाले पाण्यात माइक सोडून तिचे टकटक आवाज ऐकत बसतात, तुम्हीही ऐका, मस्त असतात.

दुर्बीण ७ पटीची पुरे, हलत्या बोटीवर जास्त पटीची हातात नुसती थरथरते. फोटोला शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून फास्ट, पण पहिली शेपटी कॅमेरा खाली ठेवून डोळ्यांनीच बघा. किनाऱ्यावर कितीही ऊन असू दे, वारा अडवणारं जॅकेट हवंच. आणि फोनला गळ्यात अडकवायचा पट्टा लावा, पडला तर कॅप्टन काही उडी मारणार नाहीये.