जड आणि हलकी वस्तू बरोबरच खाली पडतात का? स्वतः तपासून पाहा

एका हातात जड वस्तू, दुसऱ्यात हलकी, दोन्ही सोडायच्या आणि बघायचं, एवढा हा प्रयोग सोपा वाटतो. पण असं केलं तर मोजली जाते ती आपल्या दोन हातांमधली तफावत. २ मीटरवरून सोडलेली वस्तू साधारण ०.६४ सेकंदात जमिनीवर येते आणि शेवटी तिचा वेग सेकंदाला ६ मीटरच्या वर गेलेला असतो. एक हात सेकंदाचा पन्नासावा भाग जरी आधी उघडला, तरी खाली पोचताना दोन वस्तूंमध्ये १२ सेंटिमीटरचं अंतर दिसतं. म्हणून सगळी काळजी सोडण्याच्या क्षणाची घ्यायची.

वस्तू निवडा. घट्ट झाकणाच्या, अगदी एकसारख्या दोन लहान प्लॅस्टिकच्या डब्या घ्या. एक वाळूने ठासून भरा, दुसरीत पाव डबी वाळू घाला. आकार तोच, वजन तिप्पट-चौपट. दुसरी डबी पूर्ण रिकामी ठेवू नका. हवा तिला सहज अडवते आणि मग तपासणी वजनाची न राहता हवेची होते.

झडप तयार करा. साधारण ३० सेंटिमीटर लांबीची हलकी, ताठ फळी किंवा जाड पुठ्ठा घ्या. त्याची मागची कड २ मीटर उंचीवरच्या फडताळाच्या कडेला चिकटपट्टीने बिजागरीसारखी जोडा. पुढची कड मधोमध बोटाने खालून तोलून धरा. दोन्ही डब्या पुढच्या कडेजवळ, बिजागरीपासून सारख्याच अंतरावर, मध्ये बोटभर जागा ठेवून उभ्या करा. आता बोट झटकन काढून घ्या. फळी बिजागरीभोवती खाली झुलते आणि डब्या एकाच क्षणी अधांतरी राहतात.

इथे एक सुंदर गोष्ट घडते. अशी एका कडेला अडकवलेली फळी आडव्या स्थितीतून सुटली, की तिचं मोकळं टोक सुरुवातीला गुरुत्वीय त्वरणाच्या दीडपट त्वरणाने खाली जातं. म्हणजे डब्यांच्या पायाखालची फळी त्यांच्यापेक्षा लवकर निघून जाते. मात्र हे फळीच्या पुढच्या एक तृतीयांश भागातच घडतं; डब्या मागे ठेवल्या तर फळी त्यांना टेकूनच खाली येईल.

कान आणि कॅमेरा दोन्ही वापरा. खाली धातूचा मोठा ट्रे उपडा ठेवा. एकच ‘ठक’ ऐकू आला की ‘ठक-ठक’, हे कान छान ओळखतो. पाय ट्रेपासून लांब ठेवा. मोबाइल ट्रेच्या उंचीवर, समोरून सरळ लावा. तिरका लावला तर जवळची डबी खाली आल्यासारखी भासते. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन चित्रण मिळालं तर उत्तम. शेवटच्या टप्प्यात डबी दर फ्रेमला सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते, तेवढा फरक सहज पकडता येतो. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात हेच अंतर २० सेंटिमीटरच्या वर जातं. त्यावर विसंबू नका.

जागा बदला. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. दहा वेळा डब्या पाडा: पाच वेळा जड डबी डावीकडे, पाच वेळा उजवीकडे. प्रत्येक वेळी आधी कोण पोचलं ते लिहा. कायम डावीकडचीच आधी येत असेल, तर दोष फळीचा आहे. बाजू बदलूनही जडच आधी येत असेल, तरच वजनाचा किंवा हवेचा संशय घ्या.

वजन आणि हवा यांपैकी कोणाचा हात आहे ते कळायला दोन सारखे कागद पुरतात. एकाचा घट्ट बोळा करा, दुसरा सपाट ठेवा आणि दोन्ही सोडा. वजन तेच असूनही बोळा कितीतरी आधी पडतो. म्हणजे हा फरक हवेचा.

उंची वाढवली की प्रयोग पक्का होईल असं वाटतं, पण घडतं उलटं. उंची दुप्पट केली, की हवेच्या रोधामुळे वस्तू मागे पडण्याचं अंतर साधारण चौपट होतं. गच्चीवर जाऊ नका. २ मीटर पुरे.

डच अभियंता सायमन स्टेव्हिनने १५८६ च्या सुमारास हेच केलं होतं. एक दुसऱ्याच्या दहापट वजनाचा, असे शिशाचे दोन गोळे ३० फुटांवरून फळीवर पाडले, आणि आवाज एकच आल्यासारखा वाटला. जड डबीला पृथ्वी चौपट जोराने ओढते हे खरंच आहे. पण तिला गती द्यायलाही चौपट जोर लागतो, म्हणून त्वरण तेवढंच राहतं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबर पडली.

निकाल लिहिताना ‘सिद्ध झालं’ असं मोघम लिहू नका. दोन्ही डब्या एकाच फ्रेममध्ये पोचल्या, तर वहीत लिहा: २ मीटरमध्ये फरक असलाच तर तो ३ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे. २०१६ साली सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंची अशीच तुलना केली. त्याचा २०२२ चा निष्कर्षही याच पद्धतीने मांडलेला आहे: त्वरणात फरक असलाच तर तो सुमारे १ भागिले १ वर १५ शून्ये, याहून मोठा नाही.