बुडबुडे आले म्हणजे रासायनिक बदल? चुन्याच्या निवळीने खात्री कशी करावी

सातवी-आठवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, रासायनिक बदल कसा ओळखायचा? उत्तर पाठ असतं: बुडबुडे येतात, पदार्थ पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही. ही दोन्ही उत्तरं फसवी आहेत. पाणी उकळतानाही बुडबुडे येतात आणि पाणी पाणीच राहतं. कागद फाडला तर पुन्हा सांधता येत नाही, पण तुकडे कागदाचेच असतात. विचारायचा प्रश्न एकच: नवा पदार्थ तयार झाला का? आणि त्याचं उत्तर नुसतं बघून मिळत नाही, तपासावं लागतं.

ते तपासण्यासाठी मी गेली बरीच वर्षं चुन्याच्या निवळीचा प्रयोग मुलांकडून करून घेते आहे. निवळी म्हणजे चुना विरघळलेलं स्वच्छ पाणी; त्यात कार्बन डायऑक्साइड वायू गेला की ते दुधाळ होतं. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, पानाचा साधा पांढरा चुना आणि सोडावॉटरची बाटली एवढं सामान पुरतं. सुगंधी चुना नको. बांधकामाचा कळीचा चुना तर घरात आणूच नका. त्यावर पाणी पडलं की तो उकळल्यासारखा तापतो आणि अंगावर उडतो.

निवळी करणे

सगळा प्रयोग इथेच जमतो किंवा बिघडतो. ‘चुना पाण्यात ढवळा आणि गाळून घ्या’ एवढ्या एका ओळीवर विसंबून मी दोन वर्षं वाया घालवली. गाळलेलं पाणी आधीच गढूळ असायचं. त्यात वायू सोडला की मुलं ओरडायची, “झालं दुधाळ!” ते तर आधीपासूनच दुधाळ होतं. अशा निवळीतून काहीच सिद्ध होत नाही, उलट मुलांना न बघता ‘दिसलं’ म्हणायची सवय लागते. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

पहिली गोष्ट, पाणी गार घ्या. गरम पाण्यात चुना जास्त विरघळेल असं वाटतं, कारण साखरेचं तसंच होतं. चुन्याचं उलट आहे. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो आणि उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. किती विरघळतो हा त्याचा भौतिक गुणधर्म आहे, कारण विरघळूनही तो चुनाच राहतो. लिटरभराच्या बाटलीत दोन चमचे चुना भरपूर झाला. उरलेला तळाशी बसणारच, बसू दे.

दुसरी गोष्ट, बाटली गळ्यापर्यंत भरा आणि झाकण घट्ट लावा. हवेत ०.०४ टक्क्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो, तेवढाही निवळीला पुरतो. उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवलेल्या निवळीवर सकाळी पांढरी पातळ साय धरलेली दिसते. ती साय म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळून झालेला, पाण्यात न विरघळणारा पांढरा पदार्थ. म्हणजे आपण परीक्षा घ्यायच्या आधीच पेपर फुटलेला असतो.

तिसरी गोष्ट, गाळू नका. फडक्यातून चुन्याचे बारीक कण सरळ खाली येतात, आणि गाळणकागदातून थेंब-थेंब गळताना निवळीला हवा लागत राहते. बाटली दणकून हलवा, रात्रभर एका जागी ठेवा आणि सकाळी न हलवता वरचं पाणी सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्या. बाटली तिरकी करून ओतलंत की तळचा गाळ उठलाच म्हणून समजा.

आता काचेच्या ग्लासात दोन चमचे निवळी घ्या आणि ग्लासामागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. जरा जरी धुरकट वाटली तर ती निवळी टाकून द्या.

निवळी डोळ्यांना आणि तोंडाला भाजते. नळीने त्यात फुंकर मारायला लहान मुलांना सांगतात, ते मला अजिबात मान्य नाही. नळी तोंडात आली की मूल सवयीने ओढतं. फुंकायचंच असेल तर मोठ्यांनी फुंकावं.

वायू सोडणे

आधी निवळीच्या ग्लासावर ताटली ठेवून तो नुसता घोळवा. निवळी स्वच्छच राहिली पाहिजे. ही पायरी वगळाल तर पुढच्या निकालाला किंमत नाही.

मग उंच ग्लासात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चार चमचे व्हिनेगर टाका. फेस पूर्ण बसू द्या, कारण आम्लाचा शिंतोडा निवळीत गेला तर दुधाळपणा येतच नाही. नळ्या-बुचं लागत नाहीत. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून तो ग्लासातच साचून राहतो. उंच ग्लास हळूच कलता करून फक्त वायू निवळीवर ‘ओता’. द्रव येऊ देऊ नका. दिसत काहीच नाही, तरी वायू खाली उतरतो. ताटली झाका, घोळवा. निवळी दुधाळ होते. जड असणं हा वायूचा भौतिक गुणधर्म, तो ओतताना वायू बदलला नाही. चुन्याशी संयोग पावून अविद्राव्य कार्बोनेट करणं हा रासायनिक, तो दाखवताना वायूही उरला नाही आणि चुनाही.

निवळी दुधाळ झाली की थांबा. वायू फार वेळ सोडत राहिलात तर ती पुन्हा स्वच्छ होते, कारण कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट होतं. ते पाणी तापवलं की पांढरं पुन्हा येतं. बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये जमतो तो थर असाच. दोन्ही बदल रासायनिक आणि दोन्ही उलटतात. ‘उलटत नाही तो रासायनिक’ हे वाक्य वहीतून खोडायला इथेच सांगा.

उकळतं पाणी

वाफेवर गार ताटली धरा, पाण्याचे थेंब जमतील. भौतिक बदल. संपलं.

सोडावॉटर

आता खरी कसोटी. बाटली उघडा, ग्लासाचा तिसरा हिस्सा भरा, चमच्याने ढवळा आणि वरचा वायू निवळीवर ओता. निवळी दुधाळ! मुलं लगेच ‘रासायनिक’ लिहितात. लिहू द्या, मग विचारा: हा वायू आत्ता तयार झाला की आधीच होता?

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ मध्ये पाण्यात हा वायू मुरवण्याची रीत छापली. कारखान्यातही तेच करतात, दाब देऊन वायू पाण्यात विरघळवतात. झाकण उघडलं, दाब गेला, वायू सुटला. म्हणजे भौतिक बदल. निवळीने वायू कोणता ते सांगितलं, तो कसा आला ते सांगितलं नाही. ते काम शेवटच्या पायरीचं.

उरलेलं वाळवणे

व्हिनेगर टाकलेला सोडा एका बशीत घ्या. दुसऱ्या बशीत नुसत्या पाण्यात विरघळलेला खाण्याचा सोडा घ्या. दोन्ही पंख्याखाली ठेवा, दोन-तीन दिवस लागतील. दोन्हीकडे पांढरंच काहीतरी उरेल आणि डोळ्यांना फरक फारसा कळणार नाही. आता दोन्हींवर व्हिनेगरचा एकेक थेंब टाका. पाण्याच्या बशीतला सोडा फसफसतो. दुसरी बशी गप्प राहते, तिथे आता सोडियम ॲसिटेट हा नवा पदार्थ आहे. म्हणजे रासायनिक बदल. तीही फसफसली, तर पहिल्या वेळी व्हिनेगर कमी पडलं होतं. पुढच्या खेपेला दुप्पट घ्या.