कानातली शिट्टी थांबत नसेल तर आधी पंखा लावा

थंडी पडली, पंखा बंद झाला, की त्याच रात्री कानातली शिट्टी दुप्पट झाल्यासारखी वाटते. शिट्टी होती तेवढीच असते, खोली गप्प झालेली असते. कानात सतत आवाज येणाऱ्या माणसाने पहिल्यांदा लक्षात घ्यायचं ते हे. पुढचे बरेचसे उपाय यावरच उभे आहेत.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची शिट्टी होण्याआधीचा बारीक सूं आवाज, कुणाला ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. बहुतेकदा सुरुवात आतल्या कानात होते. शंखाच्या आकाराच्या कॉक्लियात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. वयाने, मोठ्या आवाजाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की त्या पट्टीतले आवाज मेंदूकडे कमी पोचतात. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखरच मोठी होते, तसं काहीसं मेंदूचं होतं. म्हणून शिट्टीची पट्टी बहुधा जिथे ऐकू कमी येतं तिथलीच निघते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकायला उत्तम असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही मिनिटांतच कसला ना कसला आवाज ऐकू यायला लागला. ठार शांतता धडधाकट कानालाही सोसत नाही.

कधी घाई करायची

एका कानाने दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू कमी यायला लागलं आणि सोबत शिट्टी सुरू झाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. इथे स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांतच खरे कामाचे. दोन आठवडे उलटले की हाती फारसं काही उरत नाही. नेमकी इथेच चूक होते. ‘सर्दीने दडे बसले असतील’ म्हणून माणूस आठवडाभर वाफ घेत बसतो. घरी एक परीक्षा करता येते: तोंड मिटून ‘हूं’ असा सूर धरा. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल तर तो सूर बंद कानात मोठा वाटतो. चांगल्या कानात मोठा वाटला, तर दोष आतल्या नसेचा असण्याची शक्यता आहे. ही परीक्षा घाई करण्यासाठी आहे, निवांत बसण्यासाठी नाही. काहीही निघालं तरी कान दाखवाच.

मनगटावर नाडी धरून बघा. कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धक्-धक् येत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, त्यात रक्तवाहिन्यांची तपासणी लागते. आवाज एकाच कानात टिकून राहणं, सोबत गरगरणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कान वाहणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू होणं, हीसुद्धा घरी न थांबण्याची कारणं.

एरवी तपासणी साधी असते. आधी कानात मळ आहे का ते पाहतात, मग ऑडिओमेट्री, म्हणजे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्याचा आलेख. मधल्या कानासाठी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा कितपत हलतो त्याची तपासणी. दोन्ही कानांच्या आलेखात फरक असेल किंवा आवाज एकाच बाजूला असेल तर श्रवणनसेवरची गाठ नाही ना हे बघायला एमआरआय करतात. दोन्ही कान सारखेच आणि बाकी लक्षण नसेल तर त्याची सहसा गरज पडत नाही. एमआरआयचं यंत्र स्वतःच कानठळ्या बसवतं, कानात बोळे मागून घ्या. आणि आलेख ‘नॉर्मल’ आला म्हणून कुणी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हटलं तर मनावर घेऊ नका. ८००० हर्ट्झच्या वरचं ती तपासणी बघतच नाही.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, क्विनाइन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. आपल्या मनाने मात्र काहीही बंद करायचं नाही.

लसूण घालून कढवलेलं तेल कानात टाकणं थांबवा. पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं, आणि भोक आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. बडने मळ आत ढकलला जातो. फुटपाथवरच्या कान कोरणाऱ्याच्या सळईबद्दल तर बोलायलाच नको.

रात्रीची खोली

दिवसा रस्ता, मिक्सर, माणसं यांत शिट्टी बुडून जाते, परीक्षा रात्रीची. खोलीत मंद, एकसुरी आवाज ठेवायचा. छताचा पंखा पुरतो. थंडी असेल तर टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, वारा लागत नाही आणि आवाज मिळतो. नाहीतर छोट्या स्पीकरवर पाऊस, धबधबा किंवा समुद्र. शिट्टी बारीक असेल तर पावसाच्या सरीसारखा सळसळता आवाज तिच्यात छान मिसळतो. वयाने वरच्या पट्टीतलं ऐकूच येत नसेल तर ती सळसळ पोचणार नाही. अशांना पंख्याची किंवा लाटांची जाड घरघर बरी.

सगळी गोम आवाजाच्या पातळीत आहे. आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. शिट्टी आणि पाऊस एकमेकांत मिसळू लागले की थांबा आणि तिथून थोडं खाली या. शिट्टी ऐकू येत राहिली पाहिजे. पूर्ण झाकून टाकण्याचा मोह होतो, पण जे ऐकूच येत नाही त्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकणार कसा? शिवाय झाकण काढलं की शिट्टी अंगावर येते. टिनिटसचे संशोधक यास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या पद्धतीचा गाभाही हाच: आवाज मारायचा नाही, त्याचं महत्त्व मारायचं. एका रात्रीत होत नाही. महिन्यांचा हिशोब धरा.

साधा स्पीकर उशीखाली नको, डोक्यापासून मीटर-दीड मीटरवर ठेवा. इयरफोन लावून झोपू नका. शेजारच्या माणसाला त्रास होत असेल तर उशीत घालायचे चपटे स्पीकर मिळतात. बाकी जिथे घोटाळा होतो त्या जागा अशा. यूट्यूबवर पाऊस लावला की मध्यरात्री जाहिरात किंचाळते, म्हणून फाइल उतरवून घ्या. अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरून फिरून वाजत असेल तर कान त्याचा सांधा पकडतो आणि त्याचीच वाट बघत बसतो. निदान तासाभराचं ध्वनिमुद्रण हवं. टायमर लावू नका, कारण रात्री दोन वाजता आवाज बंद पडला आणि जाग आली की तीच गप्प खोली. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा स्पीकर घ्या. गाणी, कीर्तन, बातम्या नकोत. शब्द आले की लक्ष जातं.

आडवं पडून अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, दुसरीकडे मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ नजरेआड ठेवा. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. ती सांभाळली तर झोप काही आठवड्यांत रुळावर यायला मदत होते.

दिवसा

आलेखात बहिरेपण निघालं असेल तर श्रवणयंत्र हा शिट्टीवरचाही उपाय आहे. बाहेरचे आवाज परत पोचले की मेंदूला आपली खरखर वाढवण्याचं कारण कमी होतं. ते लग्नकार्यापुरतं न लावता दिवसभर वापरावं लागतं. आलेखाशिवाय ऑनलाइन मिळणारं सरसकट ‘आवाज वाढवणारं’ यंत्र घेऊ नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे तपासणी होते. उत्पन्नाच्या आणि प्रमाणपत्राच्या अटीत बसत असाल तर केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून यंत्राला मदत मिळते, चौकशी करा.

दात आवळून किंवा मान वळवून बघा. त्याने शिट्टीची पट्टी बदलत असेल तर जबड्याचा सांधा किंवा मानेचे स्नायू त्यात हातभार लावतायत. मग दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट कामाचे.

औषधांचं काय? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गिंको, मेलाटोनिन, झिंक यांची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. ज्याची शिफारस केली ती संज्ञानात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे सीबीटीची. ‘हा आवाज मला वेडं करणार’ या वाक्यापाशी मन अडकतं, तिथून ते सोडवायला शिकवणारी ही मानसोपचाराची पद्धत. आवाज तेवढाच राहतो, जाच उतरतो. चहा-कॉफी सोडायची गरज नाही. एकदम सोडली तर डोकं दुखेल ते वेगळंच. मिठावर बंधन मेनिएर आजारात (आतल्या कानाचा, गरगरण्याचे झटके येणारा आजार), सगळ्यांना नाही. भ्रामरी प्राणायाम करायला हरकत नाही, मन निवतं. कान मात्र हलकेच मिटा, बोट आत खुपसू नका.

उठल्या उठल्या ‘आज किती आहे?’ म्हणून कान लावून बघायची सवय सगळ्यांना लागते आणि सगळ्यांना नडते. मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा टिनिटसचा त्रास मोजणारी टीएचआय प्रश्नावली भरा: २५ प्रश्न, ‘हो’ला ४, ‘कधीकधी’ला २, ‘नाही’ला ०. बेरीज १८ ते ३६ आली तर त्रास सौम्य, ५८ किंवा त्यापुढे गेली तर तीव्र. मधल्या दिवसांत मोजणी बंद.

मिरवणूक आणि बोळे

८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास, ही कानाची साधारण मर्यादा. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर किंवा ताशाला चिकटून उभं राहिलं तर ही मुदत केव्हाच संपते. कापसाच्या बोळ्याचा उपयोग नाही. फोमचे बोळे घ्या: बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत, निदान अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. समोरून बघितल्यावर बोळा बाहेर डोकावत असेल तर तो बसलाच नाही. वाजवणाऱ्या पथकातल्या मुलांनी वादकांसाठीचे फिल्टरवाले बोळे घ्यावेत, ठेका नीट ऐकू येतो.

घरी आल्यावर बोळे काढायचे. भांड्यांच्या खणखणाटाचीही भीती वाटून दिवसभर कान बंद ठेवणारे बरेच असतात, त्याने कान आणखी हळवा होतो आणि शिट्टी पुढे येते.

झोप कमी झाली, सर्दी झाली, घरात कटकट झाली की शिट्टी उसळते. त्या दिवशी नवीन औषध शोधायला इंटरनेटवर बसू नका. नेहमीचा पाऊस लावा, संध्याकाळी चालून या, झोपेची वेळ तीच ठेवा. उसळी बहुतेकदा काही दिवसांत बसते. पण जगणंच नकोसं वाटायला लागलं तर त्या रात्री एकटं राहू नका: घरातल्या कुणाला तरी उठवा आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.